घरची निगा : पंखा पुसण्यापूर्वी

इंदुरात रंगपंचमीची गेर निघून गेली, की थंडीभर विश्रांती घेतलेले छताचे पंखे पुन्हा फिरू लागतात आणि पात्यांवर साचलेली धूळ पहिल्याच दिवशी अंथरुणा-पांघरुणांवर उतरते. म्हणून पंखा सुरू करण्याआधीच तो पुसावा, असा आमच्या सासूबाईंचा परिपाठ होता. परिपाठ उत्तमच, परंतु २०१४ सालच्या फाल्गुनात त्याच निमित्ताने आमच्या घरी मोठा अनर्थ होता होता टळला.

धाकट्या जाऊबाईंनी बटण बंद केले आणि स्टुलावर चढून ओल्या फडक्याने पंखा पुसावयास घेतला. दांडीवरची वाटी सरकलेली होती. तिच्या आतील तारांच्या सांध्याला बोट लागले मात्र, जोराचा धक्का बसून त्या खाली कोसळल्या. मनगट मोडले, एवढ्यावरच निभावले. बटण तर बंद होते. मग धक्का बसला कसा? वायरमनने उलगडा केला. जुन्या वायरिंगमध्ये ते बटण फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले होते. अशा बटणाने पंखा थांबतो, पण २३० व्होल्टचा दाब पंख्यापर्यंत पोहोचलेलाच असतो.

तेव्हा भगिनींनो, पहिला नियम हा, की भिंतीवरच्या बटणावर विसंबू नये. मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, कारण मेन बंद होताच इन्व्हर्टर आपण होऊन पंख्यांना वीज पुरवू लागतो. डुगडुगणारे स्टूल किंवा खुर्चीवर खुर्ची असला खटाटोप न करता भक्कम शिडी घ्यावी व ती धरावयास कोणी तरी असावे.

पाती पुसताना उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून हलक्या हाताने मागे ओढावा. धूळ आतच राहते. नंतर साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके व शेवटी कोरडे फडके फिरवावे. पुसताना पात्याला खालून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. पाते किंचित वाकले तरी पंखा डुलू लागतो. पाती सोडविल्यास एका पंख्याची दुसऱ्यास लावू नयेत; त्यांची वजने जुळवून घेतलेली असतात. मोटारीवर पाणी मुळीच पडू देऊ नये.

शिडीवर चढलोच आहोत, तर पंखा ज्या बोल्टवर टांगलेला असतो त्याची पिन जागेवर आहे ना आणि तेथील रबर झिजलेले नाही ना, हेही पाहावे. शंका वाटल्यास पंखा न लावता वायरमनला बोलवावे. पंखा नुसता गुणगुणत असेल व हाताने ढकलल्यावरच फिरत असेल, तर बहुधा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. तो स्वतः उघडू नये; वीज बंद केल्यावरही त्यात काही काळ विद्युत्‌भार साठून राहू शकतो.

टेबलफॅन साफ करताना आधी प्लग काढावा, तोही वायर ओढून नव्हे, तर प्लग धरून. जाळी धुतल्यास पूर्ण सुकल्यावरच बसवावी. जुन्या पंख्याला तेलाचे भोक असेल, तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. बंद बॉलबेअरिंगच्या पंख्यांना तेल घालू नये.

आमच्या घरी ते वायरिंग त्याच महिन्यात दुरुस्त करून घेतले आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विचही बसविला. तरी एक शिस्त कायम आहे. पंखा पुसावयाचा दिवस आला, की घरातील एक जण मेन स्विचपाशी उभा राहतो आणि शिडीवरील माणूस खाली उतरल्याखेरीज हलत नाही. त्या जागेवर उभे राहण्याचा मान अर्थातच धाकट्या जाऊबाईंचा.