आज्ञाधारक आणि लाळघोटा

अकोला जिल्ह्यातील एका इंग्रजी विषयाच्या शिक्षकांचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले आहे. सराव परीक्षेत एका विद्यार्थिनीने रजेच्या अर्जाखाली ‘युअर्स फेथफुली’ असे लिहिले म्हणून तिचा गुण कापण्यात आला आणि ‘युअर्स ओबीडियंटली’ हाच शेवट मंजूर असल्याचे सांगण्यात आले. त्याच वर्गाच्या हाती असलेल्या मार्गदर्शकात मात्र ‘ऑब्सीक्वियस’ या विशेषणासमोर ‘आज्ञाधारक’ एवढाच अर्थ छापलेला आहे.

शेक्सपियरच्या काळी हे विशेषण कर्तव्यतत्पर अशा चांगल्या अर्थानेही योजले जात असे हे खरे. परंतु आज ते निंदाव्यंजकच उरले आहे. हुकूम झाल्यावर तो पाळणारा तो आज्ञाधारक, आणि हुकूम होण्यापूर्वीच मर्जीच्या आशेने वाकणारा तो लाळघोटा, हा भेद वऱ्हाडातील पोरास शिकवावा लागत नाही, कारण ‘तो साहेबाच्या लय पुढं पुढं करते’ हे वाक्य त्याने घरीच ऐकलेले असते. ते वाक्य फळ्यावर लिहून त्याशेजारी हे विशेषण मांडण्याऐवजी ‘गाईडात असेच आहे’ म्हणून मोकळे होणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना काय म्हणावे?

हाच भेद अर्जाच्या शेवटालाही लागू आहे. वऱ्हाडात निजामाच्या अमलात अर्जदार स्वतःस ‘फिदवी’, म्हणजे एकनिष्ठ सेवक, म्हणवीत असे. १८५३ साली वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेल्यावर दफ्तराची भाषा पालटली, तरी अर्जदाराची वाकलेली मान सरळ झाली नाही. ‘मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ हा इंग्रजांचा केवळ रिवाज होता. गोरा अधिकारी आपल्या बरोबरीच्या अधिकाऱ्यासही तसेच लिहीत असे, आणि नित्याच्या पत्रव्यवहारातून त्यांनी तो पुढे टाकूनही दिला. आपण मात्र त्यातील दीनता अक्षरशः खरी मानून उराशी धरली, आणि हक्काची रजा मागणाऱ्या मुलीस आजही ‘आय बेग टू स्टेट’ असे घोकावयास लावतो.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, यंदा शाळा उघडताच हा अर्ज नव्याने शिकवा: विनंती स्पष्ट, कारण खरे, भाषा सभ्य, आणि शेवट ‘युअर्स फेथफुली’. त्यासाठी कोणी गुण कापल्यास विद्यार्थ्याचे नाव झाकून त्या उत्तराची नक्कल आमच्याकडे पाठवा; त्या सर्व नकला एकत्र करून अमरावती विभागीय मंडळापुढे लेखी निवेदनासह ठेवण्याचे काम आम्ही पत्करीत आहोत.