किंमत विचारण्यापूर्वी

मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांत गाठता येणारे बँकॉक हे आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यातील शहर झाले आहे. तेथे गेलेला प्रवासी खरेदीवाचून परतत नाही. घासाघीस कशी करावी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु श्रावकाच्या खरेदीत ‘केवढ्याला?’ या प्रश्नापूर्वी आणखी एक प्रश्न यावा लागतो, तो म्हणजे ‘कशाचे?’. हा प्रश्न व्रताचे रक्षण करतो आणि पुष्कळदा पैशाचेही.

प्रथम रेशमाचा विचार करू. थाई रेशीम जगप्रसिद्ध आहे आणि प्रत्येक मार्गदर्शक प्रवाशांना त्याच्या दुकानात नेतोच. या रेशमाचा अखंड धागा मिळविण्यासाठी कोश आतील जीवासह उकळत्या पाण्यात टाकले जातात. एका साडीमागे असे हजारो जीव जातात. मगर आणि पाकट मासा यांच्या कातड्याच्या पिशव्या, मोती, प्रवाळ यांनाही हाच विचार लागू पडतो. हस्तिदंत तर कायद्यानेही देशाबाहेर नेता येत नाही. पर्याय मात्र भरपूर आहेत. उत्तरेकडील फ्रे प्रांताचे निळीत रंगविलेले सुती ‘मो होम’ सदरे, वेताच्या व बांबूच्या टोपल्या, चियांग माईची हिरवट झिलईची ‘सेलाडॉन’ भांडी, लाकडी खेळणी या वस्तू निर्दोष आणि टिकाऊ आहेत. पंचरंगी ‘बेंजारोंग’ भांडी घेताना मात्र ती ‘बोन चायना’ची आहेत का, हे विचारावे, कारण त्या मातीत हाडांची राख मिसळलेली असते. शनिवार-रविवारी भरणाऱ्या चातुचाक बाजारात हे सारे एका ठिकाणी पाहता येते. तेथे ऊन वाढण्यापूर्वी जावे आणि आवडलेल्या दुकानाचा क्रमांक टिपून ठेवावा, कारण त्या गल्ल्यांत तेच दुकान पुन्हा सापडणे कठीण असते.

खाद्यपदार्थांबाबत अधिक सावध राहावे लागते. थाई करीच्या तयार मसाल्यात बहुधा ‘कपी’ म्हणजे आंबवलेली कोळंबी असते. वरवर साध्या दिसणाऱ्या चटकदार पाकिटांतही ‘नाम प्ला’ हा माशांचा अर्क आढळतो. थाई भाषेत शाकाहाराला ‘मांगसविरत’ म्हणतात. ‘मांसविरति’ हा आपलाच शब्द त्यात ऐकू येतो, परंतु त्या आहारात अंडे चालते. त्याहून कडक खूण म्हणजे ‘जे’. पिवळ्या पट्टीवरील हे लाल अक्षर इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसते. या आहारात मांस, मासे, अंडी आणि दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तरीही बटाटा, गाजर, मुळा आणि अळंबी त्यात चालतात. म्हणून ‘जे’ दिसले की शोध संपला, असे मानू नये. घरातील व्रती आजीच्या हातावर परदेशातला खाऊ ठेवायचा असेल, तर सुकवलेला आंबा किंवा चिंचेची गोळी यांसारखा मोजक्या घटकांचा पदार्थ निवडावा आणि त्याच्याही पाकिटावरील यादी वाचून घ्यावी.

रत्नांच्या बाबतीत तर हाच प्रश्न लाखमोलाचा ठरतो. सीलोम, महेसक आणि चारोएन क्रुंग या रस्त्यांच्या परिसरात रत्नांचा मोठा व्यापार चालतो आणि त्यात भारतातून गेलेले जैन व्यापारीही आहेत. प्रवाशाची फसवणूक होते ती मात्र बहुधा निराळ्याच वाटेने. राजवाड्याजवळ एखादा सभ्य गृहस्थ सांगतो की, आज राजवाडा बंद आहे. मग नाममात्र भाड्यात फिरवून आणणारा टुकटुकवाला पुढे होतो आणि ‘सरकारी विक्रीचा आज शेवटचा दिवस’ म्हणून एका दुकानाशी रिक्षा थांबते. अशी सरकारी विक्री नसते. तेथे घेतलेला खडा मायदेशी दुप्पट किमतीला विकला जाईल, हे आश्वासनही खोटे असते. माणिक खरे असले तरी त्याच्या भेगांत शिशाची काच भरलेली असू शकते. असा खडा सोनाराच्या आचेने वा आम्लाने बिघडतो. पारख नसेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावाचून रत्न घेऊ नये. फसवणूक झाल्यास पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

नामांकित घड्याळांच्या व पिशव्यांच्या हुबेहूब नकला येथे उघडपणे विकल्या जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे नकलीचा व्यवहार हा एक आहे. विकणाऱ्याबरोबर जाणूनबुजून विकत घेणाराही त्याला हातभार लावतो.

बुद्धमूर्तींविषयीही विवेक हवा. त्या देशाबाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. बुद्ध ही शोभेची वस्तू नव्हे, असे सांगणारे फलक शहरात लावलेले दिसतात. जिनप्रतिमा कोणी दिवाणखान्याची सजावट म्हणून मांडली तर जैन मनाला जे वाटेल, तेच त्या फलकांमागे आहे.

शेवटी हिशेबाचे दोन शब्द. थायलंडमधील ७ टक्के मूल्यवर्धित कराचा परतावा प्रवाशाला मिळू शकतो. त्यासाठी एकाच दुकानात एका दिवशी किमान २,००० बाहतची खरेदी असावी लागते. पासपोर्ट दाखवून दुकानातच अर्ज भरून घ्यावा आणि विमानतळावर सामान सुपूर्द करण्यापूर्वी अर्ज व वस्तू सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवाव्यात. भारतात उतरल्यावर मर्यादेबाहेरील खरेदी, विशेषतः सोने, न लपवता घोषित करावे. राज्याच्या नियमांचे उल्लंघन हाही त्या पाच अतिचारांपैकीच एक आहे.

परिग्रहाची मर्यादा घातलेल्या गृहस्थाला प्रवासात त्या मर्यादेतून सुटी मिळत नाही. निघण्यापूर्वी घरीच खरेदीची यादी करावी आणि तिच्यापुढे रकमेचा आकडा लिहावा. ‘कशाचे?’ या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर मिळालेली एकच वस्तू घरी आली, तरी ती कोणाच्याही हाती देताना संकोच वाटत नाही.