देवकण की बोसॉन?

मंडळी, आज एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. शब्द भौतिकशास्त्रातला आहे, पण तक्रार भाषेची आहे. त्यामुळे माझ्यासारख्या निवृत्त मास्तरानं त्यात तोंड घालायला हरकत नसावी. शब्द आहे 'देवकण'.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. पीटर हिग्ज आणि इतर काही शास्त्रज्ञांनी १९६४ मध्येच त्याचं भाकीत केलं होतं. कणाचं नाव हिग्ज बोसॉन. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र तो 'देवकण' झाला आणि तेच नाव रुळलं. मध्यंतरी आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन बघायला गेलो होतो. आठवीतल्या एका मुलानं सुरेख तक्ता केला होता. वर ठळक अक्षरांत 'देवकण' आणि खाली कंसात, बारीक अक्षरांत 'हिग्ज बोसॉन'. मी विचारलं, "बाळा, बोसॉन म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "सर, ते त्याचं इंग्रजी नाव आहे."

अहो, इंग्रजी कसलं! त्या कंसात आपला माणूस बसलाय. सत्येंद्रनाथ बोस १९२४ साली ढाक्याला शिकवत होते. प्रकाशकणांची मोजदाद नव्या रीतीनं करणारा एक निबंध त्यांनी आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. त्या गणिताप्रमाणे वागणाऱ्या कणांना पुढे डिरॅक या शास्त्रज्ञानं बोसांवरून 'बोसॉन' नाव दिलं.

बोसॉनचा स्वभाव समजायला फार अवघड नाही. इलेक्ट्रॉनसारखे कण म्हणजे आरक्षण केलेले प्रवासी, एका जागेवर एकच. त्यांना फर्मिऑन म्हणतात. बोसॉन म्हणजे यात्रेच्या दिवशी नारायणगावहून सुटलेली एस.टी.! एकाच जागेत कितीही मावतात. प्रकाशाचे कण बोसॉनच, आणि रेडिओलहरी म्हणजेही प्रकाशाचाच एक प्रकार. म्हणजे आपल्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या ३० तबकड्या (१४ मध्यभागी, १६ तीन दिशांना पसरलेल्या) आकाशातून जे गोळा करतात, ते बोसॉनच. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांच्या शेजारी हे काम चालतं, आणि आमचं पोर मात्र बोसॉनला इंग्रजी शब्द समजतं. मला वाईट वाटलं ते याचं.

आता 'देव' कुठून आला ते बघू. लिऑन लेडरमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच 'गॉड पार्टिकल' घातलं. त्यानं स्वतःच गमतीनं सांगून ठेवलंय की हा कण इतका छळतो, की त्याला 'गॉडडॅम पार्टिकल' म्हणायचं होतं, पण प्रकाशक तयार होईना. आपल्याकडे आजी वैतागून 'मेला' म्हणते ना, तसं! म्हणजे मूळचा 'मेला कण' आपण 'देवकण' म्हणून पाटावर बसवला. खुद्द हिग्ज यांनाही ते नाव आवडत नव्हतं.

माझा आक्षेप नास्तिकाचा नाही, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे. लेण्याद्री, ओझर, श्रावणात भीमाशंकर, सगळं होतं. पण देव हा शब्द आला की आपण हात जोडतो, आणि जोडलेल्या हातांनी पाटीवर गणित मांडता येत नाही. 'विज्ञानाला देव सापडला' असे निरोप फोनवर फिरतात ते याच नावामुळे.

शिवाय 'हा कण सगळ्या विश्वाला वस्तुमान देतो' हेही अर्धवटच. एक तर ते काम कण करत नाही, सर्वत्र पसरलेलं हिग्ज क्षेत्र करतं. कण हा त्या क्षेत्रातला एक तरंग. दुसरं म्हणजे तुमच्या-माझ्या शरीराचं बहुतेक वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये असतं, आणि त्यातला जेमतेम एक टक्का हिग्ज क्षेत्रामुळे. उरलेलं येतं ते आत कोंडलेल्या क्वार्क आणि ग्लुऑनच्या ऊर्जेतून. 'देवकण' म्हटलं की ही सगळी गंमत झाकली जाते. देवानं दिलं म्हटल्यावर किती टक्के दिलं, हे कोण विचारणार?

कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही मराठीवाले, मराठी शब्दाला विरोध कसा करता?" गुरुत्वाकर्षण, वस्तुमान, अणू हे शब्द मी आयुष्यभर अभिमानानं शिकवले. ते अर्थ पाहून घडवलेले आहेत. 'देवकण' हे एका इंग्रजी पुस्तकाच्या नावाचं भाषांतर आहे, त्यात मराठीपण काय? व्होल्ट आणि हर्ट्झ ही माणसांच्या नावांवरून आलेली एककं आपण जशीच्या तशी घेतलीच की. मग बोसांचं नाव घ्यायला जीभ का अडखळावी?

असो. माझं म्हणणं एवढंच, की ठळक अक्षरांत 'हिग्ज बोसॉन' लिहा आणि 'देवकण' हवाच असेल तर तो कंसात जाऊ द्या. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी नातवंडांना घेऊन खोडदला आलात, तर या तबकड्या काय पकडतात ते त्यांना विचारा. उत्तर आलं नाही तर बोसांची गोष्ट सांगा. मुलं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.