भाड्याचा संगणक आणि परतीची जकात

स्वतःचा सर्व्हर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या लघुउद्योजकाला २००६ मध्ये नवी वाट खुली झाली. त्या वर्षी ॲमेझॉनने साठवणीची जागा आणि संगणनशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. गूगल व मायक्रोसॉफ्ट मागोमाग आले. यालाच आज क्लाउड म्हणतात. वापराल तेवढेच भरा, हे त्याचे तत्त्व. भांडवल नसलेल्याच्या हाती बड्या कारखानदाराचे साधन आले, हा लाभ खराच आहे. प्रश्न आहे तो हे भाडे कोण ठरवतो आणि त्याचा भार कोणावर पडतो, हा.

दरपत्रक वरवर सर्वांना सारखेच असते. पण एक किंवा तीन वर्षांच्या वापराची आगाऊ हमी देणाऱ्यास मोठी सूट मिळते. ॲमेझॉनच्या काही सेवांवर ती ७२ टक्क्यांपर्यंत जाते. येत्या दिवाळीपर्यंत मागणी टिकेल की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने अशी हमी कशी द्यावी? म्हणजे ज्याच्या वाट्याला अनिश्चितता अधिक, त्यालाच दर चढा. शिवाय दर डॉलरमध्ये ठरत असतील तर रुपया घसरताच वापर न वाढताही बिल वाढते.

याहून गंभीर बाब आहे ती बाहेर पडण्याची. माहिती आत नेण्यास सहसा काही पडत नाही. ती बाहेर काढताना मात्र, मोफत मर्यादा ओलांडली की, दर गिगाबाइटमागे आकार द्यावा लागतो. महाराष्ट्रातले शेवटचे जकातनाके २०१७ मध्ये उठले. येथे आपल्याच मालावर, आणि तोही परत नेताना, जकात आहे! युरोपीय संघाने कायदा संमत केल्यानंतर, २०२४ च्या आरंभी, या तिन्ही कंपन्यांनी कायमचे सोडून जाणाऱ्यांना हा आकार माफ केला. रोजच्या व्यवहारावरचा तसाच राहिला. तो कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, सेवा बदलणाऱ्याकडून १२ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी कोणतेही शुल्क घेऊ नये, असा दंडक त्यात आहे.

विजेचे दर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जनसुनावणी घेतो. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला तेथे आपले गाऱ्हाणे मांडता येते. ते नेहमीच मान्य होते असे नाही. पण दरवाढीचे कारण जाहीरपणे सांगावे लागते. संगणनशक्तीही आता विजेइतकीच उत्पादनाची गरज बनत असताना तिच्या दरांसाठी अशी चावडी असू नये काय?

सरकारी अनुदान हा यावरचा उपाय नव्हे. भाडे अनियंत्रित ठेवून दिलेले अनुदान अखेर घरमालकाच्याच खिशात जाते. परतीच्या जकातीला कायद्याने बंदी, ग्राहकाने ठरवलेल्या रकमेपुढे बिल जाणार नाही अशी सोय आणि लघुउद्योजकांच्या सहकारी संघांना एकत्रित खरेदीची सूट, एवढ्या तीन मागण्या तरी तातडीने धसास लावल्या पाहिजेत. जो सोडून जाऊ शकत नाही, त्याला भाडेकरू म्हणत नाहीत. त्याला वेठबिगार म्हणतात.