सागवान? नको रे बाबा!

आधी उच्चार. 'सॉना' म्हणायचं नाही, 'साउना' म्हणायचं. फिनलंडला येऊन मला तीन वर्षं होत आली, पण माझं फिनिश इथल्या लोकांनी मनापासून सुधारलं ते फक्त या एका शब्दापुरतं. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. साधारण 55 लाख लोकवस्तीच्या देशात 30 लाखांच्या आसपास साउना आहेत. 2020 मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यतासुद्धा दिली.

तर झालं असं, की आमच्या टीममधला एक सहकारी आहे, साठीला टेकलेला. (आपल्याकडे मी अहो-जाहो केलं असतं. इथे बॉसलाही अरे-तुरे!) तांपेरेपासून तासाभरावर तळ्याकाठी त्याचं छोटं कॉटेज आहे. तिथली जुनी साउना खालून कुजली, म्हणून ती पाडून तो स्वतःच्या हाताने नवी बांधतोय. आणि घाई आहे. त्याची आई 84 वर्षांची आहे, आणि तिला हा उन्हाळा संपायच्या आत तिथे बसायचंय. आजींचा स्वतःचा जन्मच एका साउनातला. पूर्वी इथे बाळंतपणं साउनात व्हायची, कारण सगळ्यात उबदार आणि स्वच्छ जागा तीच.

कॉफी पिता पिता त्याने सहज विचारलं, "बसायच्या फळ्यांना कुठलं लाकूड घेऊ रे?"

आता आयटीवाल्याला असला प्रश्न विचारायचा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. शनिवारची अख्खी दुपार घालवून मी एक्सेल शीट केलं. किंमत, टिकाऊपणा, वास, रंग, कुजण्याला विरोध, प्रत्येकाला वजन वगैरे. पहिला नंबर आला वेस्टर्न रेड सीडरचा. सोमवारी मोठ्या ऐटीत दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यात पाठीचा कॉलम कुठाय?"

पाठीचा! मी गप्प. कारण पाठीचा अनुभव खरं तर मला होता. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर एक भाड्याचं कॉटेज घेतलं होतं. तिथल्या साउनातल्या फळ्या पाइनच्या, गाठीच गाठी असलेल्या. पाइन आणि स्प्रूसमध्ये राळ असते, आणि तापलं की ती पाझरते. मी ऐसपैस टेकलो आणि खांद्याखाली असा चटका बसला की सगळ्यांच्या आधी तळ्यात मीच! राळेचा थेंब नुसता भाजत नाही, चिकटूनही बसतो. त्याचा डाग अजून आहे. आणि तरी शीटमध्ये तो कॉलम नव्हता.

म्हणून माझं आताचं मत असं, की 'साउनाला कुठलं लाकूड' हा प्रश्नच चुकीचा आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भिंतीला काय, आणि अंगाला काय?

भिंतीला इथला स्प्रूस उत्तम. स्वस्त, सगळीकडे मिळतो, पिढ्यान्‌पिढ्या वापरलाय. भिंतीला कोणी गाल लावून बसत नाही. त्यावर पैसे उधळणं म्हणजे सर्व्हर रूमला संगमरवर लावणं.

अंगाखालच्या फळीचं गणित वेगळं. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की मधलं तापमान कोणाच्या बाजूला झुकणार, हे उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हे फक्त पेपरापुरतं पाठ केलं होतं.) फळी 80 अंशांवर आहे असं धरा. माझ्या मोघम हिशेबाने अ‍ॅस्पेनसारख्या हलक्या लाकडावर त्वचेला 44-45 अंश जाणवतील, सागवानासारख्या भारी लाकडावर 47-48, आणि स्टीलवर सत्तरच्या वर. तीनच अंशांचा फरक, पण नेमका तिथेच 'छान ऊब आहे' संपतं आणि 'अगं आई गं' सुरू होतं. स्क्रू वरून न मारता खालून मारतात तेही याचसाठी.

हे सगळं मी रविवारी फोनवर बाबांना सांगत होतो. बाबा म्हणाले, "अरे, मग सागवानच घ्या म्हणावं. बल्लारशाचा साग, पन्नास वर्षं बघायला नको." आमच्या घरात लाकूड म्हणजे सागवान, बाकी सगळं जळण. त्यांना सांगितलं की इथे ज्याच्या काडेपेटीतल्या काड्या करतात, ते लाकूड आम्ही बसायला घेतोय. पलीकडे शांतता. बरोबर आहे, आपल्याकडे काड्यांना सावर वापरतात, आणि सावरीचं फर्निचर केलं असं सांगितलं तर लोक सुताराला हसतील. पण जड, घट्ट, तेलकट हे जे गुण दाराच्या चौकटीला हवेत, तेच इथे नडतात. चांगलं लाकूड असं काही नसतंच, कुठे लावणार ते आधी सांगा.

सीडरवर अन्याय नको. हलकं आहे, राळ नाही, कुजत नाही, वास तर अप्रतिम. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे ते उगवतं, तिथे मीही तेच घेईन. (कापताना भुसा मात्र नाकात जाऊ देऊ नये, त्याने कामगारांना दमा होतो.) पण अ‍ॅस्पेन कॉटेजच्या मागे उभा असताना फळ्या अटलांटिक ओलांडून आणायच्या, तर ते पाहुण्यांना सांगण्यासाठी. पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या अबाचीचंही तेच, एरवी लाकूड फार गुणी. राहता राहिलं थर्मोवूड, म्हणजे 200 अंशांच्या आसपास वाफेत भाजून काढलेलं लाकूड. ते तंत्र फिनलंडमध्येच 1990च्या दशकात विकसित झालं. ओल कमी पितं, फुगत नाही, पण थोडं ठिसूळ होतं. रंग सुंदर, गडद तपकिरी.

त्या रंगावर मी भाळलो होतो हे कबूल. म्हणून शेवटी मी काळ्या अल्डरच्या बाजूने बोलत होतो: लालसर, उबदार दिसतो, डागही लपतात. अ‍ॅस्पेन पांढुरका, ओलीने काळवंडतो. पण आजींनी एका वाक्यात निकाल लावला. साउनात उजेड मुद्दाम मंद ठेवतात, त्यांना आता नीट दिसत नाही, आणि पायरीची कड पांढऱ्या लाकडातच दिसते.

हा कॉलमही माझ्या शीटमध्ये नव्हता :-)

अ‍ॅस्पेनच्या फळ्या गुरुवारी आल्या. बिनगाठीच्या, रंधा मारलेल्या, हातात घेतल्या तर थर्माकोल उचलल्यासारखं वाटतं. वार्निश नाही, फक्त पॅराफिन तेलाचा हात. बाबांनी विचारलं, टिकतील किती? म्हटलं, दहा-पंधरा वर्षं, मग फळ्या बदलायच्या. "बदलायच्या?" असं ते ज्या सुरात म्हणाले, तो इथे लिहून दाखवता येत नाही.

उद्या पहाटेच निघायचंय. खालून स्क्रू मारायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे दिवसभर बाकाखाली उताणं पडून राहायचं. कंबर जागेवर राहिली तर पुढच्या शनिवारी भेटूच.