तारेवर लक्ष ठेवणारी परिचारिका



गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी उभारलेल्या घरोघरीच्या नवजात बालसेवेचा दाखला देऊन शासकीय रुग्णालयांतील नवजात अतिदक्षता कक्षांवरील खर्च अनाठायी ठरवणारे गेल्या अंकातील पत्र हे विसरते, की आशाताईने, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, घरी हेरलेले अत्यवस्थ बाळ अखेर याच कक्षात पाठवावे लागते. तेथील वॉर्मर, म्हणजे वरून ऊब देणारी उघडी खाट, बाळाच्या पोटावर चिकटवलेल्या इवल्याशा तापमापक तारेवरून उष्णता कमीजास्त करतो. तार सुटली, की यंत्र बाळाला गार समजून तापतच राहते, आणि ते ध्यानात यायला रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिकाच हवी. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षातील आगीत १० बालके दगावल्यावर तरी वीजतपासणी, देखभाल व परिचारिकांची पदे यांसाठी वाढीव निधी मागायला हवा होता. कक्षच नकोत, हा निष्कर्ष त्या बालकांच्या मातांवर अन्याय करणारा आहे.