मैफल कलावंताची, बाजार दलालांचा

बड्या विदेशी बँडचे कार्यक्रम आता भारतात नियमित होऊ लागले आहेत. सरकारलाही या व्यवसायात रोजगार आणि पर्यटनाची संधी दिसते आहे. मात्र खऱ्या रसिकाला रास्त दरात तिकीट मिळावे यासाठी आवश्यक असलेली व्यवस्था आजही उभी राहिलेली नाही.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी, दुपारी बारा वाजता 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली आणि पाहता पाहता 'बुक माय शो'चे संकेतस्थळ कोलमडले. लाखोंच्या रांगेत आपला क्रमांक कितवा, एवढेच बहुतेकांना कळले. या विक्रीसाठी एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी प्रयत्न केल्याचे कंपनीने नंतर सांगितले. दोनाचे तीन कार्यक्रम झाले, तरी मागणी आणि पुरवठा यांतील दरी बुजण्यासारखी नव्हतीच. अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत दर्शनी किंमत असलेली ही तिकिटे त्याच दिवशी फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर अवतरली आणि त्यांपैकी काहींचे भाव लाखांच्या घरात गेले. घरबसल्या हरलेल्या रसिकांपुढे दोनच मार्ग उरले, खिसा रिकामा करणे अथवा नाद सोडणे.

लोक एवढे हट्टाला का पेटतात, हा प्रश्न विचारणे सोपे आहे. गाणी तर भ्रमणध्वनीवर हवी तेव्हा ऐकता येतात. मात्र ज्याने एखादी मैफल प्रत्यक्ष ऐकली आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जे घडले, ते ध्वनिमुद्रिकेत मावणारे नव्हते. प्रवेश करताना प्रत्येकाच्या मनगटावर चढलेला पट्टा गाण्याच्या तालावर रंग बदलत होता. सारे मैदान एकाच वेळी पिवळे होई, दुसऱ्या क्षणी निळे, आणि हजारो अनोळखी माणसे एका सुरात गात. अशा कार्यक्रमात श्रोता हा केवळ ग्राहक नसतो, मैफलीचा अर्धा भाग त्याचा असतो. कलावंत तोच, गाणी तीच, तरीही एक कार्यक्रम जन्मभर लक्षात राहतो आणि दुसरा विसरला जातो, याचे कारण बहुधा समोरच्या गर्दीत दडलेले असते. तिकीट कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ व्यापाराचा राहत नाही.

भारतीय रसिकांच्या या भुकेला इतिहास आहे. पाश्चात्त्य संगीतातील मातब्बर मंडळी आपल्याकडे आली ती तुरळक, आणि बहुधा उशिरा. १९८० मध्ये 'द पोलीस' हा तेव्हाचा ताजा ब्रिटिश बँड मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला, तो अपवाद. १९८८ मध्ये 'अॅम्नेस्टी इंटरनॅशनल'च्या मानवी हक्क दौऱ्याने ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन यांना दिल्लीत एकाच मंचावर आणले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात अवतरला. 'रोलिंग स्टोन्स' १९६२ साली स्थापन झाला, पण मुंबई-बंगळुरूत गायला २००३ साली. 'आयर्न मेडन'ने बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर २००७ मध्ये तरुणाईला वेड लावले. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री' या अल्बमची गाणी 'यू टू'च्या तोंडून भारतात ऐकायला १५ डिसेंबर २०१९ उजाडावा लागला. हे कार्यक्रम ज्यांनी पाहिले, ते आजही त्यांच्या आठवणी सांगतात. त्यांच्या पिढीची अडचण कार्यक्रम होत नाहीत ही होती. आजच्या पिढीसमोर कार्यक्रम आहे, पण तिकीट नाही.

अशा कार्यक्रमांच्या बाबतीत राज्यकर्त्यांची दृष्टी कोठे खिळलेली असते, हे जॅक्सनच्या प्रकरणातून दिसते. शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी झालेल्या त्या कार्यक्रमाला तत्कालीन युती सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि हे भिजत घोंगडे तब्बल पंचवीस वर्षे पडून राहिले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा करमाफीचाच निर्णय घेतला. मधल्या काळात, १ जुलै २०१७ पासून, राज्याचा करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीनही झाला. एका संध्याकाळच्या कराचा हिशेब पाव शतक चालला, पण त्या तिकिटांची विक्री कशी व्हावी, यावर राज्यकर्त्यांनी कधी डोके खपवल्याचे दिसत नाही.

आता तर खुद्द पंतप्रधानांनी जानेवारी २०२५ मध्ये भुवनेश्वर येथे बोलताना 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा पुरस्कार केला. त्याच आठवड्यात अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर कोल्डप्लेचे दोन कार्यक्रम झाले होते. प्रत्येक दिवशी लाखाहून अधिक श्रोते जमले. मुंबईहून जाणाऱ्यांसाठी पश्चिम रेल्वेने विशेष गाड्या सोडल्या. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपणही झाले. हॉटेले, टॅक्सी, खाद्यपदार्थ, मंच उभारणारे कामगार अशा अनेकांच्या हाती त्या दोन दिवसांत पैसा खेळला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या व्यवसायाला अर्थव्यवस्थेचे अंग मानायचे, त्याला ग्राहक संरक्षणाचे नियमही लागू व्हायला हवेत.

तिकिटांचा हा बाजार चालतो तरी कसा? एकूण आसनांपैकी किती तिकिटे खुल्या विक्रीला येतात, हे बहुधा जाहीर होत नाही. काही प्रायोजकांकडे जातात, काही पाहुण्यांसाठी राखली जातात, काही कार्यक्रमांत विशिष्ट बँकेच्या कार्डधारकांना आधी खरेदीची मुभा मिळते. उरलेल्यांवर एकाच क्षणी झुंबड उडते. त्या झुंबडीत माणसांबरोबर संगणकीय आज्ञावलीही उभ्या असू शकतात, ज्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खरेदी उरकतात. पुढचा टप्पा फेरविक्रीचा. चित्रपटगृहाबाहेर 'दस का बीस' कुजबुजणारा दलाल निदान पोलिसाला पाहून पळत असे. त्याचा आजचा अवतार परदेशात नोंदलेल्या संकेतस्थळामागे निवांत बसलेला असतो.

कोल्डप्ले प्रकरणी गदारोळ झाल्यावर यंत्रणा हलल्या. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने 'बुक माय शो'च्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावले. फेरविक्रीच्या संकेतस्थळांशी आपला संबंध नाही, असे कंपनीने स्पष्ट केले आणि स्वतःही पोलिसांत तक्रार दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्डप्ले आणि दिलजित दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरून सक्तवसुली संचालनालयाने पाच शहरांत छापे घातले. एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून मार्गदर्शक तत्त्वांची मागणी केली. कार्यक्रमाला आठवडा उरला असताना, १० जानेवारी २०२५ रोजी, न्यायालयाने ती फेटाळली. हा धोरणाचा विषय असून तो कायदेमंडळ आणि कार्यपालिकेच्या अखत्यारीतील आहे, हे न्यायालयाचे म्हणणे होते. निर्णय घटनात्मकदृष्ट्या समजण्यासारखा आहे. चेंडू त्यामुळे सरकारच्या अंगणात आला.

कायदा अगदीच नाही, असे मात्र नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये 'किरकोळ संघटित गुन्ह्या'च्या व्याख्येत तिकिटांच्या अनधिकृत विक्रीचा समावेश आहे. त्यासाठी एक ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. तथापि हे कृत्य टोळीचे असल्याचे सिद्ध करावे लागते. एकटादुकटा दलाल त्यातून निसटू शकतो, आणि परदेशी संकेतस्थळाचा चालक हाती लागणे त्याहून कठीण. शिवाय फौजदारी कलम हे गुन्हा घडून गेल्यावरचे औषध आहे. विक्रीच कशी व्हावी, याचे पथ्य ते सांगत नाही.

यावर अर्थशास्त्राचे दाखले देणारे म्हणतील की, मागणी अधिक आणि वस्तू थोडी असेल तर भाव चढणारच, दलाल फक्त खरी किंमत उघड करतो. युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण ही चढी किंमत ना कलावंताला मिळते, ना आयोजकाला. या व्यवहारातून कोणाच्या पदरात पडत असेल तर ती केवळ आधी रांगेत घुसलेल्याच्या. आणि कलावंत काही वेळा दर जाणूनबुजून कमी ठेवतो, कारण त्याला समोर फक्त धनिक नको असतात, गाणारे हवे असतात. कोल्डप्लेनेच नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे दोन हजार रुपयांची काही तिकिटे जोडीने विक्रीला काढली. समुद्रातला थेंब असला तरी त्यामागचा हेतू स्पष्ट होता.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची कीर्ती केवळ मंचावरील कलावंतांमुळे झालेली नाही. भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलेला, परवडणाऱ्या दरात आत आलेला विद्यार्थी, कारकून, शिक्षक हाही त्या महोत्सवाचा शिल्पकार आहे. दाद कोठे द्यावी हे जाणणारा श्रोता नसता, तर 'सवाईत गायलो' या शब्दांना एवढे वजन आले नसते.

अन्य देशांनी याबाबत निरनिराळे मार्ग शोधले आहेत. ब्रिटनच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात आधी छायाचित्रासह नोंदणी करावी लागते आणि तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. फ्रान्समध्ये आयोजकाच्या परवानगीविना सातत्याने तिकिटांची फेरविक्री करणे हा गुन्हा आहे. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून निर्दिष्ट कार्यक्रमांची तिकिटे दर्शनी किमतीपेक्षा चढ्या दराने विकण्यास बंदी घातली. ब्रिटिश सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तशाच बंदीचा मनोदय जाहीर केला. अमेरिकेने २०१६ मध्ये घाऊक खरेदी करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींविरुद्ध कायदा केला, तरी २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या विक्रीत तेथेही हाहाकार उडालाच. एकच उपाय पुरेसा नसतो, हा त्यातील धडा.

महाराष्ट्राला केंद्राच्या कायद्याची वाट पाहत थांबण्याची गरज नाही. असा कोणताही कार्यक्रम पोलीस आणि स्थानिक प्रशासनाच्या परवानगीशिवाय होत नाही. ध्वनिमर्यादा, वाहनतळ, अग्निसुरक्षा यांच्या अटी त्या परवानगीत घालता येतात, तर तिकिटांच्या का नाहीत? खुल्या विक्रीला किती तिकिटे आहेत हे आधी जाहीर करणे, मोठ्या कार्यक्रमांना खरेदीदाराच्या नावाने प्रवेश देणे, आणि ज्याला येणे जमत नाही त्याचे तिकीट दर्शनी किमतीत परत घेऊन दुसऱ्याला देण्याची अधिकृत सोय ठेवणे, एवढ्या तीन अटींनी दलालांचे बरेचसे दुकान बंद होईल. आयोजकांवर याचा थोडा बोजा पडेल. मात्र बनावट तिकीट घेऊन प्रवेशद्वाराशी अडकलेल्या लोकांची हुज्जत आणि त्यातून संभवणारी चेंगराचेंगरी टळली, तर तो बोजा त्यांनाही जड वाटू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये केरळातील कोची विद्यापीठातील संगीत कार्यक्रमाच्या वेळी प्रवेशद्वाराशी झालेल्या चेंगराचेंगरीत चौघांचा बळी गेला. तेथील कारणे वेगळी होती, पण प्रवेशद्वारावरील गोंधळाची किंमत काय असते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

नवी मुंबईचे ते मैदान पुन्हा पुन्हा सजणार आहे. नवे बँड येतील, नवी पिढी रांगेत उभी राहील. त्या रांगेला काही अर्थ आहे, असा विश्वास तिला वाटावा, एवढीच अपेक्षा आहे. सरकारला मैफलींची अर्थव्यवस्था उभारायची असेल, तर त्या अर्थव्यवस्थेचा पहिला भागधारक श्रोता आहे, हे परवान्याच्या कागदावर लिहावे लागेल.